बाथरूमच्या छतावरची ओल आणि 24,072 रुपयांचं ‘इंजेक्शन’

छतात 42 पॅकर (भोक पाडून बसवायच्या, रसायन आत दाबायच्या नळ्या), प्रत्येकी 350 म्हणजे 14,700. वरून ‘केमिकल कोट’, 60 चौरस फूट, 95च्या भावाने 5,700. त्यावर 18 टक्के जीएसटी 3,672. एकूण 24,072 रुपये. आणि 19व्या दिवशी डाग परत हजर, जुन्या जागेपासून वीतभर बाजूला. पावसाळा लागला की ही ‘लीकेज एक्स्पर्ट’ मंडळी इंदूरच्या सोसायट्यांतून फिरायला लागतात. आमच्या लोकमान्यनगरात येऊन गेले, उद्या तुमच्याकडे येतील.

तो माणूस वरच्या मजल्यावर गेलाच नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. स्टुलावर चढून छताला ओल मोजायचा मीटर लावला, मीटर वाजला. “पूरा स्लॅब पानी पी गया है, साहब.” मग हॉलच्या छताला लावला, तिथेही वाजला. हॉलच्या डोक्यावर बाथरूम नाही, ओलीचा टिपूस नाही! बिनपिनांचा मीटर आतली सळई जवळ आली तरी वाजतो. तिथेच त्याला जिना दाखवायचा होता. बाथरूम 8 बाय 5, म्हणजे 40 फूट, बिलात 60. पण गिझरच्या वायरीशेजारी पाणी ठिबकत असताना टेप घेऊन मोजायला कोण बसतं? छापील बिल होतं, दहा वर्षांची लेखी गॅरंटी होती. कुणीही विश्वास ठेवला असता.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, इंजेक्शन काँक्रीटच्या भेगेसाठी असतं. पाणी वरच्या नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) मुरत असेल तर खालून भोकं बुजवून काय होणार? ते स्लॅबमध्येच साठतं, दुसरी वाट काढतं आणि सळई गंजवतं.

आधी कारण शोधा. डाग चोवीस तास सारखा ओला असेल तर नळाची लाईन. वरच्यांचा कॉक रात्रभर बंद ठेवायला सांगा, ठिबकणं थांबलं तर तीच. अंघोळीनंतरच वाढत असेल तर ट्रॅप किंवा टाइल्सचे सांधे. ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घट्ट बसवून वर दोन इंच रंगीत पाणी 48 तास उभं ठेवा. खाली रंग उतरला तर फरशी किंवा ट्रॅपभोवतीचा सांधा. नाही उतरला तर बोळा काढून तेच पाणी सोडा. आता उतरला तर ट्रॅपखालचा पाइप. छतभर बारीक थेंब आणि काळी बुरशी असेल तर ती वाफ आहे, एक्झॉस्ट फॅन बसवा, बाकी काही नको.

आमच्याकडे ट्रॅपभोवतीचा माल सुटला होता. वरच्या काकूंनी दोन टाइल्स काढू दिल्या. सुटा माल खरवडून नॉन-श्रिंक (न आकसणारं) ग्राऊट, त्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात भिंतीवर फूटभर चढवून, पुन्हा 48 तास पाणी, मग टाइल्स आणि सांध्यांत इपॉक्सी. खर्च 4,350 रुपये! खालचं प्लास्टर महिनाभर वाळू द्या, घाईत पुट्टी मारली की पोपडे धरतात.

पोलीस म्हणाले, “ये तो लेन-देन का मामला है.” बिल दाखवलं, गॅरंटी दाखवली, तरी अर्ज घेईनात. दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत, तिसऱ्या दिवशी हद्द आमची नाही. कर खात्याच्या खिडकीवर म्हणाले, ऑनलाइन करा. ऑनलाइन केलं, तर ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला, एक फोनसुद्धा न करता! खोट्या जीएसटी नंबरावर 3,672 रुपये कर वसूल केला, त्याची चौकशी करायची कुणी? सोसायटीनेही हात वर केले. ग्राहक हेल्पलाइन 1915वर निदान नोंद होते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं.

जीएसटी नंबर 15 अक्षरी असतो आणि मध्य प्रदेशचा 23ने सुरू होतो. आमच्या बिलावर 14च अक्षरं होती. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. 12,000 यूपीआयने गेले ते बिलावरच्या नावाला नाही, भलत्याच माणसाला. उरलेले 12,072 रोख दिले, त्याची पावती नाही. रोख देऊच नका.

आणि पॅकर मोजून घ्या, पुट्टी मारायच्या आधी. आम्ही नंतर छत खरवडलं तेव्हा 42 नव्हते, 26 निघाले.