फ्रॉन्क्स टर्बोचा इन्शुरन्स: ९९८ सीसी, नागपूर पासिंग आणि प्रीमियमचा खरा हिशोब

मायलेजचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मी आज इन्शुरन्सबद्दल लिहून राहिलो. मारुतीची फ्रॉन्क्स १.० टर्बो घेऊन आता वर्ष होत आलं, रिन्युअलचे फोन सुरू झालेत, आणि ओळखीतलं जे कोणी नवीन गाडी पाहून राहिलं त्याला मी एकच सांगतो की बाप्पा, ऑन रोड प्राइसमधला इन्शुरन्सचा आकडा नुसता मान्य करून सही करू नका, आपली गाडी कोणत्या स्लॅबमध्ये बसते ते आधी पहा, बाकी सगळं तिथूनच ठरते.

गाडी ठरवताना माझ्यासमोर १.२ चं साधं इंजिन आणि १.० टर्बो असे दोन पर्याय होते. टर्बो महाग आहे, ताकद जास्त, साधारण १०० पीएस, आणि १.२ ची नव्वदच्या आसपास. पण टर्बोचं इंजिन ९९८ सीसीचं आणि दुसरं ११९७ चं. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवते, १ जून २०२२ पासून जे लागू झाले त्यात १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६ आणि १५०० च्या वर एकदम ७,८९७. नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचं एकदमच घ्यावं लागते, म्हणजे माझ्या टर्बोला ६,५२१ आणि तेच १.२ घेतली असती तर १०,६४०. जीएसटी धरून जवळपास ४,८६० रुपयांचा फरक, तोही जास्त पळणाऱ्या गाडीच्या बाजूनं!

हे मला मनापासून पटत नाही, फायदा माझा झाला तरी. थर्ड पार्टी म्हणजे माझ्या गाडीनं दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई, मग ते सीसीवर कशाला मोजायचं? इलेक्ट्रिकला तर किलोवॅट पाहतात, ३० पर्यंत १,७८०, ६५ पर्यंत २,९०४ आणि त्याच्या वर ६,७१२. म्हणजे नेक्सॉन ईव्ही सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये जाते आणि तिचीच पेट्रोल बहीण १.२ टर्बो मधल्या ३,४१६ मध्ये बसते. पेट्रोल-डिझेललाही ताकदीवर मोजा ना, माझ्यासारख्याला थोडे जास्त भरावे लागले तरी चालतील, पण आमच्या मामाकडे जुनी इनोव्हा आहे, विकायला काढली तर फार येणार नाही, महिन्यातून एकदा रामटेकला नाहीतर शेतावर जाते, तिला दरवर्षी ७,८९७ अधिक जीएसटी म्हणजे ९,३१८ रुपये नुसतं थर्ड पार्टीच. मामा मला विचारून राहिले होते, "काहून रे एवढे, गाडी तर उभीच असते?" मी त्यांना स्लॅब दाखवला, पण त्यांचं म्हणणं चूक नाहीच.

आता ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग. इथं २००७ पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे, त्यामुळे घासाघीस करायची ती इथंच. तरी जुन्या टॅरिफची चौकट समजून घ्या, कोटेशन वाचायला कामी येते. त्यात देशाचे दोन झोन आहेत, ए मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, अहमदाबाद आणि बाकी सगळे बी मध्ये, म्हणजे आपलं नागपूर बी. पाच वर्षांच्या आतल्या, १००० सीसीपर्यंतच्या गाडीला बी मध्ये आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ३.०३९ टक्के आणि ए मध्ये ३.१२७. आयडीव्ही ९ लाख धरली तर २७,३५१ आणि २८,१४३. मधल्या सीसीच्या गाडीला बी मध्ये ३.१९१ टक्के, म्हणजे २८,७१९. यावर कंपनी मोठा डिस्काउंट देते, त्यामुळे हातात येणारा फरक कमी होतो, पण दिशा तीच राहते. आणि या चौकटीत झोन ठरतो तो गाडी कुठं पासिंग झाली त्यावरून, उभी कुठं राहते त्यावरून नाही. पुण्यात नोकरीला असताना एमएच १२ घेऊन नंतर इकडं आलेले बरेच आहेत, त्यांच्या पॉलिसीवर झोन ए च असतो. माझ्या एमएच ४९ च्या पॉलिसीवर पहिल्याच पानावर झोन बी आणि त्याच्या खाली ९९८ लिहून आहे, तुम्हीही तुमचं पान काढून या दोन ओळी पहाच.

सगळ्यात मोठी बचत मात्र एनसीबीनं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या नो क्लेम बोनसनं झाली. जुनी वॅगनआर विकली तेव्हा तिच्यावर ५० टक्के एनसीबी होता. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. आरसी ट्रान्सफरचे कागद देऊन जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत नवीन गाडीला लावता येते. शोरूमच्या पहिल्या कोटेशनमध्ये एनसीबी शून्य टाकला होता, पत्र पुढं ठेवल्यावर ओन डॅमेज निम्म्यावर आलं. थर्ड पार्टीला एनसीबी लागत नाही हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात व्हरायटी चौकात सिग्नलला मागून एक मोपेड येऊन ठोकली. मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्याची क्लिप तुटली, तळहाताएवढा रंग निघाला आणि आतलं काळं प्लास्टिक दिसायला लागलं. मोपेडवाला पोरगा घाबरला होता, त्याला जाऊ दिलं. वर्कशॉपवाले म्हणे बंपर बदला, झिरो डेप आहे, तुम्हाला फक्त १,००० ची कपात लागेल. हे खरं आहे, झिरो डेप म्हणजे पार्टची झीज न कापता पैसे देणारं ॲड-ऑन, ते नसतं तर प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे आपल्याच खिशातून जातात. पण एक क्लेम केला की पुढच्या वर्षी एनसीबी शून्य, आणि परत २०, २५, ३५, ४५, ५० अशी पाच वर्षं चढायचं. मला आलेल्या कोटेशनमध्ये ओन डॅमेज एनसीबीशिवाय १२,००० च्या आसपास आहे, म्हणजे बोनस ६,००० चा. ओळखीच्या पेंटरनं प्लास्टिक वेल्डिंग करून, रंग मारून ४,००० मध्ये बंपर दिला, उन्हात धरला तरच थोडा शेड वेगळा दिसते. क्लेम केला नाही तेच बरं झालं. झिरो डेप मोठ्या अपघातासाठी आहे, पहिली पाच वर्षं तरी ते सोडू नका.

नागपूरच्या लोकांनी इंजिन प्रोटेक्ट घ्याच घ्या, हे मी कळकळीनं सांगून राहिलो. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, म्हणजे थर्ड पार्टी अधिक ओन डॅमेजमध्ये, पुराचं नुकसान बसते, सीट, वायरिंग, सगळं, पण पाण्यात उभ्या गाडीला सेल मारला आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांचं हेच झालं, बाकी सगळं मंजूर, इंजिन नामंजूर. ॲड-ऑनचे पैसे इंजिनच्या खर्चापुढं काहीच नाहीत. आणि ॲड-ऑन असलं तरी पाणी शिरलेली गाडी स्टार्ट करू नका, टो करूनच न्या.

आता रिन्युअल. थर्ड पार्टी अजून दोन वर्षं भरलेलं आहे, त्यामुळे मला फक्त ओन डॅमेज घ्यायचं आहे, फोनवर कोणी पूर्ण पॅकेज विकायला लागलं तर पहिलं हेच सांगा. दुसरं म्हणजे सगळ्यात स्वस्त कोटेशन आलं त्यात आयडीव्ही गुपचूप खाली ओढलेली निघाली. प्रीमियम हजारभर रुपयांनी कमी, पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर तेवढेच पैसे मिळतात. मी सगळ्या कंपन्यांना एकच आयडीव्ही टाकायला लावली, मग कोटेशन लावून पाहिले, तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या नंबरात फार फरक उरलाच नाही. ज्यांचं कॅशलेस वर्कशॉप वर्धा रोडवर घराजवळ आहे त्यांचीच घेऊन राहिलो, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्टसकट. मामाच्या इनोव्हाला मात्र यंदा फक्त थर्ड पार्टी आणि १५ लाखांचा पीए, म्हणजे मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा कव्हर, एवढ्या जुन्या गाडीला ओन डॅमेज भरण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.