डनलॉप प्रो: दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल कुणाच्या हातात द्यावा?

मुलाचं नाव स्क्वॉशच्या अकादमीत घातलं की पालक दुकानात जाऊन ‘सगळ्यात चांगला बॉल द्या’ म्हणतात, आणि दुकानदार दोन पिवळे ठिपके असलेला डनलॉप प्रो काढून देतो. बॉल उत्तमच आहे. पीएसए टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्क्वॉश स्पर्धांच्या मालिकेत, जगातले अव्वल खेळाडू याच बॉलने खेळतात. पण ते दोन ठिपके उसळीचं माप सांगतात, दर्जाचं नव्हे. डनलॉपच्या नेहमीच्या चार बॉलमध्ये सगळ्यात कमी उसळणारा तो हाच.

व्यास 40 मिलिमीटर, वजन 24 ग्रॅम. रबराचे दोन पोकळ अर्धगोल चिकटवून तो बनतो. मार बसला की रबर तापतं, आतली हवाही तापते, आणि उसळी वाढते. अधिकृत कसोटीत बॉल 254 सेंटिमीटरवरून सोडतात. 23 अंश सेल्सिअसला तो किमान 12 टक्के, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर वर यावा लागतो. 45 अंशांना तोच बॉल उंचीच्या पाव हिश्श्याइतका किंवा त्याहून वर येतो. दुपटीचा हा फरक खेळाडूने स्वतःच्या फटक्यांच्या जोरावर काढायचा आणि रॅलीगणिक टिकवायचा असतो. व्यावसायिक खेळाडू तो सहज टिकवतो. दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटात तेवढी ताकद नसते, त्यामुळे त्याच्यासाठी बॉल अख्खा तास थंडच राहतो.

थंड बॉलने काय बिघडतं ते मागच्या कोपऱ्यात उभं राहून बघावं. बॉल पहिल्या टप्प्यानंतर घोट्याएवढा उठतो आणि तिथेच बसतो. मुलगा धावत येतो, पण रॅकेट मागे घ्यायला वेळच उरलेला नसतो. मग तो मनगटाने बॉल कसाबसा उकरून काढतो. बॉल कोर्टच्या मध्यावर येऊन पडतो आणि समोरचा तो आरामात मारतो. असं रोज झालं की मुलगा मागच्या कोपऱ्यात जायचंच टाळतो, प्रत्येक बॉल पुढे जीव खाऊन मारतो, आणि लॉब (उंच उडवलेला फटका), व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), लेंग्थ (फटक्याची मागच्या भिंतीपर्यंतची खोली) हे शब्द त्याच्यासाठी वहीतच राहतात. लांब, मोकळा स्विंग याच वयात बसतो. तो पुढे बसवायचा म्हणजे आधी बसलेलं मोडावं लागतं, आणि त्यात फार वेळ जातो.

त्यामुळे सुरुवात निळ्या ठिपक्याच्या इंट्रोने करावी. तो प्रोपेक्षा 12 टक्के मोठा असतो आणि कंपनीच्या आकड्यांनुसार 40 टक्के जास्त वेळ हवेत राहतो. नंतर लाल ठिपक्याचा प्रोग्रेस: 6 टक्के मोठा, 20 टक्के जास्त वेळ. मग एका पिवळ्या ठिपक्याचा कॉम्पिटिशन. त्याचा आकार प्रोएवढाच, हवेतला वेळ मात्र 10 टक्के जास्त. क्लबात आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या मोठ्या माणसांनीही खरं तर हाच घ्यावा. रॅली लांबते, घाम निघतो, खेळाला रंगत येते.

बॉल बदलायची वेळ आली का, हे वयावरून ठरवू नये. दहा मिनिटं बॉल तापवून घ्या. मग सर्व्हिस बॉक्सच्या (सर्व्हिस करताना उभं राहायच्या चौकटीच्या) मागून भिंतीलगत सरळ ड्राइव्ह, म्हणजे लांब जोरकस फटके, मारायला लावा. पहिला टप्पा सर्व्हिस बॉक्सच्या मागे आणि दुसरा मागच्या भिंतीच्या पायाशी पडायला हवा. दहापैकी सात-आठ ड्राइव्ह असे जात असतील तर पुढचा बॉल द्या. चांगला फटका बसूनही दुसरा टप्पा बॉक्सच्या आसपासच पडत असेल, तर अजून थांबा.

ज्याला टूरवर जायचंय त्याला मात्र प्रोला पर्याय नाही, आणि इथे आम्ही या बॉलला पैकीच्या पैकी गुण देतो. पुढच्या भिंतीच्या तळाशी टिन नावाची पट्टी असते, तिला बॉल लागला की फटका बाद. व्यावसायिक कोर्टवर तिची वरची कड 48 ऐवजी 43 सेंटिमीटरवर असते. तापलेला प्रो पुढच्या भिंतीवर हळूच ठेवला की तो टिनच्या वरून उतरून जागच्या जागी बसतो. असं टोकदार ड्रॉप दुसऱ्या कुठल्याही बॉलने जमत नाही. भारताची स्क्वॉशपटू अनाहत सिंग 2022 मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उतरली आणि मार्च 2025 मध्ये तिने मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर इंडियन ओपन जिंकली. तिच्या वाटेने जाऊ बघणाऱ्या मुलामुलींनी या बॉलचे दोन्ही स्वभाव ओळखून घ्यावेत: तापल्यावर वेगाने पळणारा आणि गार झाल्यावर मरगळणारा. रंगीत काचेच्या कोर्टवर हाच बॉल पांढऱ्या रंगात वापरतात, म्हणून तशा स्पर्धेआधी पांढऱ्यावर नजर बसवून घ्यावी.

सामन्याच्या मध्येच बॉल फुटला तर लेट मिळतो, म्हणजे ती रॅली पुन्हा खेळतात, आणि नवा बॉल तापवून घ्यावा लागतो. नवा बॉल सुरुवातीला जुन्याएवढा उठत नाही. अशा वेळी पहिल्या काही रॅलींत जोराची घाई न करता लांब ड्राइव्ह आणि उंच लॉब खेळावेत. प्रतिस्पर्धी मागे अडकला की ड्रॉप घ्यावा.

टिकाऊपणात हा बॉल मध्यम आहे. जोरात मारणाऱ्यांच्या हातात तो बहुधा जोडावरच उकलतो. अंगठ्याने दाबून जोडाची रेघ बघावी, केसाएवढी फट दिसली तरी बॉल बाजूला काढावा. त्याआधीच पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चकाकू लागतो. असा बॉल भिंतीवरून घसरतो आणि अंदाज चुकवतो, त्यामुळे न फुटताही तो सरावातून बाद करावा. धूळ बसली असेल तर कोमट पाणी आणि थोडा साबण पुरतो. उकळत्या पाण्यात टाकून तापवायचा मोह मात्र टाळा, चिकटवलेला जोड त्यानेच सैल होतो. मुंबईत पावसाळ्यात भिंती ओलसर होतात तेव्हा बॉल कपड्याने पुसत राहावं आणि रोजच्या सरावाला नवा बॉल काढू नये, ओलाव्यात तोही घसरतोच.