५सीबी घेऊ की ८सीबी?
एका ज्युनिअरला लिक्विड क्रिस्टलच्या (द्रवासारखा वाहतो, पण रेणू शिस्तीत राहतात असा पदार्थ) पातळ फिल्मवर प्रोजेक्ट करायचाय आणि ५सीबी, ८सीबी या दोन लिक्विड क्रिस्टलपैकी कुठलं घ्यावं कळत नाहीये. ५सीबी सोपं, साधारण ३५ अंश सेल्सिअसला नेमॅटिकचं (रेणू एका दिशेने, पण थर नाहीत अशी अवस्था) थेट साधं द्रव होतं, क्रॉस्ड पोलरायझरमध्ये (एकमेकांना काटकोनात ठेवलेले दोन प्रकाश-फिल्टर) रंग जाऊन सगळं काळं दिसतं. ८सीबीत दोन बदल मिळतात, ३३ च्या आसपास स्मेक्टिकचं (थरांची अवस्था) नेमॅटिक आणि ४० च्या आसपास द्रव, पण पहिला चटकन नजरेत न भरणारा असतो, म्हणून हीटिंग स्टेजचं (नमुना तापवायच्या पाटीचं) तापमान स्थिरच हवं.

खरी गंमत भोकावर साबणाच्या पडद्यासारखी ताणलेल्या फिल्मची, ती ८सीबीचीच टिकते कारण स्मेक्टिकमध्ये रेणूंचे थर असतात, एकेक जेमतेम ३ नॅनोमीटरचा!

काचांमध्ये दाबून पटकन डेमो दाखवायचा तर ५सीबी, महिनाभर वेळ असेल तर ८सीबीच घे.