इलस्ट्रेटरचा सीव्ही छापायला ठाण्यातली डिजिटल प्रिंटची दुकानं कशी आहेत?

नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड या भागातली डिजिटल प्रिंटची दुकानं इलस्ट्रेटरच्या सीव्हीसाठी पुरेशी आहेत. त्यासाठी फोर्ट किंवा लोअर परळ गाठायची गरज नाही. मशीन चांगली असतात, ऑपरेटरचा हातही बसलेला असतो. काम बिघडतं ते बहुतेक वेळा फाइलमुळे, आणि फाइल आपल्या हातात असते.

स्टेशनबाहेरची झेरॉक्सची दुकानं या कामाला नकोत. तिथे ७५-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरमागे तितके ग्रॅम वजनाचा) साधा कागद असतो, चारही कडांना पांढरी पट्टी राहते आणि ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की पान आवळलं जातं. नुसत्या मजकुराचा सीव्ही पाच मिनिटांत हवा असेल तर मात्र खुशाल जा.

डिजिटल दुकानात काम १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंची शीटवर होतं आणि दर शीटमागे लावतात. एका शीटवर दोन ए-फोर बसले की खर्च निम्म्यावर येतो, म्हणून सगळे तेच करायला जातात. पण हिशेब बघा. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिमी. चित्र कडेपर्यंत न्यायचं तर प्रत्येक बाजूला ३ मिमी ब्लीड (कापून जाणारा जादा भाग) हवं, म्हणजे पान २१६ बाय ३०३ झालं. १२ इंच म्हणजे जेमतेम ३०५ मिमी, आणि मशीन शीटच्या कडेला काही मिमी छापतच नाही. मग ऑपरेटर फाइल किंचित लहान करून बसवतो आणि कटिंगनंतर एका कडेला केसाएवढी पांढरी रेघ दिसते. १३ बाय १९ची शीट आहे का, हे आधीच विचारा. नसेल तर डिझाइनमध्येच १० मिमी पांढरा समास ठेवा, म्हणजे तो मुद्दाम ठेवलेला दिसेल. मजकूर मात्र कापायच्या रेषेपासून ५ मिमी आत हवाच. गठ्ठा कापताना पान मिलिमीटरभर सरकतं, आणि कटिंग हीच या दुकानांची सगळ्यात कच्ची बाजू आहे.

रंगांच्या बाबतीत ही दुकानं समाधानकारक आहेत, पण स्क्रीनवरचा प्रत्येक रंग शाईत मिळत नाही. समजा, तलावपाळीचं रात्रीचं चित्र आहे: गडद निळं आकाश, पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं. आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची) फाइल तशीच दिली तर आकाश जांभळं येऊ शकतं. छपाईत निळा रंग सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिळून बनतो आणि दोन्ही जवळजवळ सारखे पडले की जांभळाच दिसतो. फाइल सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार रंगांत) घेऊन मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. सायन १०० असेल तर मॅजेंटा ६५-७०. झगझगीत हिरवा आणि नारिंगी मंदावणारच, ते धरूनच चालावं. प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये सीएमवायके कॅनव्हास सुरुवातीलाच निवडावा लागतो. क्रिटामध्ये नंतरही बदलता येतो.

अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के. चार शायांचा काळा लहान अक्षरांत वापरला आणि रंग जरा सरकले, तर शिरोरेखेच्या वरखाली लालसर-निळसर कड दिसते. मराठीत नाव, पत्ता छापताना हे पटकन डोळ्यांत भरतं.

मजकूर प्रोक्रिएटमध्ये लिहू नका. त्याच्या पीडीएफमध्ये अक्षरंही चित्र म्हणूनच जातात आणि ८ पॉइंटचा मजकूर बोथट दिसतो. चित्र ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काढा (ब्लीडसकट ए-फोरला साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेल) आणि मजकूर इंकस्केप, अफिनिटी किंवा इनडिझाइन अशा सॉफ्टवेअरमध्ये बसवा. ‘मुक्त’, ‘बालू’ हे ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि छपाईत स्वच्छ उतरतात. दुकानात पीडीएफ बऱ्याचदा कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. तिथे फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून छपाईच्या प्रतीत अक्षरांचे कर्व्ह्ज करून (म्हणजे अक्षरं आकारांत बदलून) द्या. ईमेलच्या प्रतीत मात्र अक्षरं मजकूर म्हणूनच जिवंत ठेवा, नाहीतर कंपनीचं सॉफ्टवेअर नावसुद्धा वाचू शकणार नाही. फाइल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कागद मात्र स्वतः निवडा. काही सांगितलं नाही तर बहुधा ३०० जीएसएमचं चकचकीत आर्ट कार्ड पुढे येतं. लग्नपत्रिकेला ते शोभतं, पण ट्यूबलाइटखाली त्यावरचं चित्र धड दिसत नाही. एका पानाच्या सीव्हीला १७० ते २०० जीएसएमचा मॅट कागद योग्य. जलरंगासारखं काम असेल तर अनकोटेड (लेप नसलेला) कागद जास्त सुंदर दिसतो, रंग थोडे उतरतात इतकंच. फार खडबडीत कागद टाळा. टोनर (या मशीनची कोरडी शाई) खळग्यांत पोचत नाही आणि गडद भागावर पांढरे ठिपके राहतात. ए-थ्री दुमडून चार पानी सीव्ही करणार असाल तर आधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर खाच दाबणं) सांगा, नाहीतर घडीवर टोनर तडकतो. न सांगता ते कुणी करत नाही.

दुकानातल्या डीटीपीवाल्याचा तयार नमुना घेऊ नका. व्हिजिटिंग कार्ड तो झटपट करतो, पण इथे मांडणी हेच तुमचं काम आहे. ‘फोटोशॉप ८० टक्के’ अशा कौशल्य दाखवणाऱ्या पट्ट्यांतून काहीच कळत नाही. ती जागा ज्या कामासाठी अर्ज आहे त्याच प्रकारच्या तीन-चार चित्रांना द्या. पोर्टफोलिओचा क्यूआर कोड किमान २ सेंटिमीटरचा, फिक्या जमिनीवर गडद, चारही बाजूंना कोडातल्या चार बारीक चौकोनांएवढी मोकळी जागा ठेवून. चित्रात लपवलेला कोड स्कॅन होईलच असं नाही.

गर्दी नसताना जा. आधी एकच शीट काढून घ्या, ती दुकानाबाहेर उजेडात बघा आणि क्यूआर फोनवर तपासा. मगच बाकीच्या काढा. ‘हजार काढा, स्वस्त पडेल’ हा ऑफसेटचा (प्लेट बनवून होणाऱ्या छपाईचा) हिशेब इथे लागू नाही. डिजिटलमध्ये प्लेट नसते, त्यामुळे पाच प्रती मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशकासाठी आणि पाच अ‍ॅनिमेशन स्टुडिओसाठी, वेगवेगळी चित्रं टाकून, त्याच दरात निघतात.