एआय कोडिंग साधनातील सुरक्षात्रुटी कळवण्याची सेवा: ५५ दिवसांचा अनुभव

रोजच्या कामात मी जे एआय कोडिंग साधन वापरतो, त्यात मला एक सुरक्षात्रुटी आढळली. ती कळवल्यापासून दुरुस्त आवृत्ती हाती येईपर्यंत ५५ दिवस गेले. हे परीक्षण त्रुटी कळवण्याच्या सेवेपुरतेच मर्यादित असून कंपनीचे नाव मी दिलेले नाही.

आधी त्रुटी समजून घेऊ. हे साधन टर्मिनलमध्ये (संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत) कमांड चालवण्यापूर्वी परवानगी विचारते; मात्र फाइल शोधणे, वाचणे अशा निरुपद्रवी कामांसाठी दर वेळी विचारणा होऊ नये म्हणून काही कमांडना कायमची मोकळीक दिलेली असते. त्यांत फाइल शोधणारी ‘फाइंड’ होती, आणि तपासणी कमांडच्या केवळ पहिल्या शब्दाची होत होती. ‘फाइंड’ला ‘एक्झेक’ हा पर्याय जोडला की सापडलेल्या प्रत्येक फाइलवर दुसरी कोणतीही कमांड चालवता येते, हे युनिक्स या कार्यप्रणालीवर काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. मी एक चाचणी रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइलींचा संग्रह) तयार केली, तिची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये वाचकाला पानावर न दिसणाऱ्या एचटीएमएल टिप्पणीत चार ओळींची सूचना लिहिली आणि साधनाला ‘हा प्रकल्प काय करतो ते सांग’ एवढेच विचारले. दहापैकी सात वेळा त्याने ती सूचना जणू मीच दिली असे धरून पाळली. परवानगीची खिडकी एकदाही उघडली नाही, आणि बनावट पासवर्ड ठेवलेल्या फाइलची प्रत भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडली.

कळवायचे कोठे, हे शोधायला मिनिटभरही लागले नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ ही, त्रुटी कोठे कळवावी हे सांगणारी फाइल ठरलेल्या जागी होती. २०२२ मध्ये आरएफसी ९११६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात मांडल्या गेलेल्या या फाइलमध्ये संपर्काचा पत्ता आणि वैधतेची अंतिम तारीख असावीच लागते. अनेक ठिकाणी ती तारीख उलटून गेलेली दिसते, येथे तसे नव्हते. धोरणही स्पष्ट होते: सद्भावनेने व स्वतःच्याच खात्यावर चाचणी करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होणार नाही, असे आश्वासन त्यात सरळ शब्दांत दिले होते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाला या एका वाक्याचा किती आधार वाटतो, हे असा अहवाल पाठवल्याशिवाय कळणार नाही. दुसऱ्याच दिवशी पोच आली, आणि ती माणसाने लिहिलेली होती.

अडचण पुढे आली. आठव्या दिवशी ‘अपेक्षित वर्तन’ असा शेरा देऊन माझा अहवाल बंद करण्यात आला. वापरकर्त्याने अनोळखी रिपॉझिटरी उघडली, ही त्याची जबाबदारी आहे आणि साधनामागच्या एआय मॉडेलने चुकीची सूचना पाळणे ही सुरक्षात्रुटी मानली जात नाही, असे त्यात म्हटले होते. या युक्तिवादाचा अर्धा भाग मला मान्य आहे. सूचना आणि माहिती मॉडेलपर्यंत एकाच मजकुराच्या प्रवाहातून पोहोचतात, त्यामुळे २०२२ पासून ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मजकुरात सूचना पेरण्याच्या या हल्ल्यावर मॉडेलच्या पातळीवर अजून पक्का उपाय नाही. परंतु नेमक्या याच कारणामुळे परवानगीची तपासणी करणारा साधा, ठरल्याप्रमाणे चालणारा कोड बिनचूक असायला हवा. मॉडेल फसणार हे गृहीत धरूनच तर तो लिहिलेला असतो. परवानगीची ही सीमा ओलांडली जाणे म्हणजे सुरक्षात्रुटी, हे उद्योगाने मान्यही केलेले आहे. साधन स्वतःच्याच सेटिंगच्या फाइलमध्ये बदल करून सर्व परवानग्या आपोआप मिळवू शकते, ही गिटहब कोपायलट हे एआय साधन आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा कोड लिहिण्याचा संपादक यांमधील त्रुटी सीव्हीई या सुरक्षात्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२५-५३७७३ या क्रमांकाने नोंदवली गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दुरुस्त झाली.

हेच उदाहरण देऊन मी पुन्हा लिहिले, मात्र या वेळी मांडणी बदलली. पहिल्या अहवालाची सुरुवात मी लपवलेल्या सूचनेपासून केली होती, आणि वाचणाऱ्याचे लक्ष तेथेच अडकले असावे. दुसऱ्यात मॉडेलला पूर्ण बाजूला ठेवून एवढेच दाखवले की अमुक कमांड परवानगीच्या तपासणीतून विनाअडथळा जाते आणि ती जायला नको. सोबत साधनाची आवृत्ती, कार्यप्रणाली, निवडलेले मॉडेल आणि दहा प्रयत्नांची पूर्ण नोंद जोडली. कारण मॉडेलचे उत्तर दर वेळी सारखे येत नाही, आणि एकाच प्रयत्नात त्रुटी दिसली नाही तर तपासणारा अहवाल मिटवून मोकळा होतो. तीन दिवसांत अहवाल पुन्हा उघडला गेला, तीव्रता ‘उच्च’ ठरली आणि दुरुस्तीच्या प्रगतीबद्दल दर आठवड्याला न विचारता कळवण्यात आले. ९० दिवस गुप्तता पाळण्याचा या क्षेत्रातील प्रघात मी मान्य केला होता; तेवढी मुदत लागलीच नाही.

माझी खरी नाराजी शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. नव्या आवृत्तीच्या टिपणात या बदलाची नोंद ‘कमांड तपासणीत सुधारणा’ एवढ्या तीन शब्दांत झाली. सीव्हीई क्रमांक नाही, कोणत्या आवृत्त्या असुरक्षित होत्या याचा उल्लेख नाही. ज्या संस्थांमध्ये आवृत्ती बदलण्याआधी मंजुरी घ्यावी लागते, तेथील माणसाने अशी ओळ वाचून तातडी कशी ओळखावी? मानधन आणि श्रेयनामावलीत नाव मला वेळेवर मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण असुरक्षित आवृत्त्यांची ती माहिती माझ्यापेक्षा इतर वापरकर्त्यांना अधिक हवी होती.

नवी आवृत्ती मी त्याच रिपॉझिटरीवर तपासली. ‘एक्झेक’ आणि ‘डिलीट’ हे दोन्ही पर्याय आता परवानगी मागतात. कायमची मोकळीक असलेल्या दुसऱ्या एका कमांडचा एक पर्याय मात्र अजूनही निसटतो. दुरुस्ती होईपर्यंत त्याचा तपशील मी जाहीर करणार नाही. तो अहवाल काल सकाळी पाठवला, आणि मागच्या वेळी शेवटपर्यंत सोबत असलेल्या त्याच अभियंत्याचे उत्तर दुपारी आले: त्रुटी त्यांच्याकडेही दिसली आहे, आणि या खेपेस सीव्हीई क्रमांकासाठी अर्ज केला आहे.