दादरचा स्पोकन इंग्लिश क्लास: केकचा तास भारी, नोट्स बेकार

दादर वेस्टला स्टेशनपासून चालत जाता येतं, शनिवार-रविवारची बॅच आहे, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे. ग्रामर कुठल्याही क्लासला मिळतं तसंच, पण मॅडमनी केकवरच्या वाक्प्रचारांचा जो तास घेतला ना, तेवढ्यात फी वसूल!

पीस ऑफ केक म्हणजे डाव्या हातचा मळ, आयसिंग ऑन द केक म्हणजे दुधात साखर, हे पटापट उरकलं, एवढं मोबाईलवर पण सापडतं. सेलिंग लाइक हॉट केक्स, म्हणजे हातोहात खपणं, याला मात्र सगळे अडले, कारण डोळ्यासमोर बर्थडेचा केक येतो आणि तो गरम कोण खातं? तर ते हॉट केक म्हणजे अमेरिकेतले तव्यावरचे पॅनकेक, वड्यांचा घाणा उतरला की गाडीवर जे होतं तेच तिथे. केकवॉक, म्हणजे अगदी सोपं काम, आम्ही ऑफिसात उठसूट म्हणतो, पण अमेरिकेतल्या मळ्यांवर कृष्णवर्णीय गुलाम जोडीजोडीने ऐटीत चालत नाचायचे आणि जिंकेल त्या जोडीला केक मिळायचा, तिथून तो शब्द आलाय, हे कळल्यावर तोंडात यायच्या आधी जरा थांबतो तो.

सगळ्यात रंगला हॅव युवर केक अँड ईट इट टू. खायचा पण आणि शिल्लक पण ठेवायचा, असं दोन्ही होत नाही, अर्थ एवढाच. पण जुन्या इंग्रजीत क्रम उलटा होता, आधी ईट मग हॅव, आणि पोस्टाने बॉम्ब पाठवणाऱ्या टेड काझिन्स्कीने 1995 ला छापून आलेल्या त्याच्या जाहीरनाम्यात तोच जुना क्रम वापरला होता, त्याच्या जुन्या पत्रात पण तसंच सापडलं, आणि 1996 ला तो पकडला गेला त्यात या पुराव्याचाही हात होता. अख्खी बॅच गप्प, एकाने पण फोन काढला नाही.

आता तक्रार. वेगळे पैसे घेऊन देतात त्या झेरॉक्स नोट्समध्ये 'लेट देम ईट केक', म्हणजे लोकांकडे पाव नाही तर केक खाऊ देत, हे बिनधास्त फ्रान्सची राणी मेरी अँतोआनेतच्या नावावर टाकलंय. तत्त्वज्ञ रूसोने ही गोष्ट लिहिली तेव्हा ती लहान पोरगी होती, आणि मूळ फ्रेंचमध्ये केक नाहीच, ब्रिऑश आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव. स्पेलिंगच्या चुका तर विचारू नका.

नोट्स घेऊ नका, वही न्या. आणि पुढे बसा, मागे रस्त्यावरच्या हॉर्नपुढे मॅडमचा आवाज पोचत नाही.