जुना रेडिओ किंग: हेड आणि हूप, पावसाळाभर वाजवून झाल्यावर

स्लिंगरलँड या अमेरिकन कंपनीचा रेडिओ किंग हा स्नेअर ड्रम (खालच्या बाजूला तारा असलेला), 1950 च्या दशकाच्या अखेरचा. 14 बाय 5.5 इंच, आठ लग (ताणाचे स्क्रू बसतात ते कडेचे भाग). मेपलची एकच जाड फळी वाफेवर वाकवून केलेला शेल (ड्रमचं गोल अंग), आतून वर-खाली आधाराच्या रिंगा. जॅझ ड्रमर जीन क्रुपाने गाजवलेलं मॉडेल. पुण्यात पावसाळ्याआधीपासून आत्ताच्या थंडीपर्यंत हाच वाजवतोय.

जुन्या लाकडी स्नेअरला हेड (वाजवायचा पडदा) घेताना ब्रँड नंतर बघा, आधी ते बसतंय का ते बघा. रेमोची वेदरकिंग हेड 1957 मध्ये आली. त्याआधी सगळा कारभार वासराच्या कातड्याचा. कातडं ओलं करून लाकडी कड्यावर ताणायचं, त्यामुळे शेल जरा मोठा असला तरी भागायचं. आजच्या हेडचं ॲल्युमिनियमचं कडं असं सांभाळून घेत नाही. हूप (हेड शेलवर दाबून धरणारी बाहेरची धातूची रिंग) न लावता हेड नुसतं शेलवर ठेवा आणि बोटाने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. माझ्या ड्रमवर साधं 14 इंची हेड एका बाजूला घासत होतं आणि तिथले दोन लग काही केल्या सुरात येईनात. ॲक्वेरियनच्या अमेरिकन व्हिंटेज मालिकेतली हेड अशा शेलसाठीच किंचित मोठी करतात. त्यातलं कोटेड (वर खरखरीत लेप असलेलं), एकपदरी घेतलं आणि कटकट मिटली.

दुपदरी हेडही लावून पाहिलं. मोठ्या आवाजात ठीक, पण घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) गायब. या ड्रमच्या कडा गोलसर आहेत, हेडला जास्त टेकतात आणि जादा गुंजन आपोआपच दाबतात. त्यावर आणखी जाड हेड म्हणजे पावसात भिजलेला ढोल. गुंजन दाबायला जेल, टेप, रिंग यांतलं काहीच लागलं नाही. खाली 3 मिल जाडीचं (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) स्नेअर साइड, म्हणजे तारांच्या बाजूचं, हेड आहे, त्यात फार डोकं लावायचं कारण नाही.

हूपबद्दल माझं मत जरा ठाम आहे: एकपदरी जुन्या शेलला डाय-कास्ट (साच्यात ओतलेला) हूप नको. रिमशॉट (काठी हेड आणि हूपवर एकदम मारणं) कडक येतो, कबूल. पण लाकूड इतक्या वर्षांत थोडंफार लंबगोल झालेलं असतंच आणि तो ताठ हूप त्याच्याशी जुळवून घेत नाही. एक लग पिळला की समोरचाही हलतो. 1.6 मिलिमीटरचा साधा ट्रिपल फ्लँज (पत्रा वळवून केलेला हूप) लावल्यावर प्रत्येक लग आपापला ऐकायला लागला, आवाजही मोकळा झाला. मूळचे स्टिक सेव्हर, म्हणजे वरची कड आत वळलेले हूप, काठीला फार सुखाचे. पण माझा वरचा वाकलेला होता. क्रॉस-स्टिकचा (काठी हेडवर आडवी टेकवून हूपवर मारायचा) टकटकाट त्याच्यावर जास्त गोड यायचा, ती उणीव अजून जाणवते.

मागवताना भोकं मोजून घ्या. आजचे बरेच 14 इंची हूप दहा लगचे असतात, तुम्हाला आठ भोकांचा हवा. खालच्या हूपला तारांसाठी खाच लागते आणि ती स्नेअर बेडच्या (तारांसाठी शेलच्या कडेला दिलेल्या उताराच्या) बरोबर समोर आली पाहिजे. म्हणून खालचा मूळ हूप मी तसाच ठेवलाय, थोडा गंज आहे तरी.